घाटातलं निसरडं वळण: मायक्रो करायचं, खडी मारायची की बॉक्साइट?

पहिल्या पावसात आमच्या घाटातल्या त्या एका वळणावर दुचाकी पडणार म्हणजे पडणारच, मागच्या जूनमध्ये मी पण पडलोय, स्पीड जेमतेम तीस, ब्रेक जरासा दाबला आणि गाडी एकीकडे नि मी एकीकडे. उठताना हात टेकला तर डांबर अक्षरशः घोटीव फरशीसारखं लागलं. आता तिथे थोडा निधी आलाय आणि जो तो वेगळंच सांगतोय, कोण म्हणतं मायक्रो (मायक्रोसरफेसिंगचा पातळ थर) करा, कोण म्हणतं खडी मारून मोकळे व्हा, एकाने तर लाल पट्टे सुचवले. रस्त्याच्या कामांवर बरीच वर्षं काढलीयत, म्हणून ठरवणाऱ्यांसाठी लिहितोय.

जातं गुळगुळीत झालं की टाकी लावून घ्यायचे ना, तोच प्रकार आहे हा. टायरला पकड दोन गोष्टींनी मिळते, एक म्हणजे खडीच्या दाण्याचा स्वतःचा खरखरीतपणा आणि दुसरं म्हणजे दाण्यांमधल्या फटी, ज्यातून टायरखालचं पाणी बाहेर पळतं. हळू गाडीला पहिली गोष्ट वाचवते, वेग वाढला की दुसरी. आपला काळा दगड कडक खरा पण टायर घासून घासून तोही पॉलिश होतो, आणि वळणावर लवकर होतो कारण तिथे टायर आडवा घासतो. त्यावर उन्हाळाभर साचलेली धूळ, ऑइल, रबर, आणि पहिल्या सरीत त्याचा होणारा चिखल.

फटी किती उरल्यात हे फुकटात बघता येतं. ५० मिली कोरडी बारीक वाळू रस्त्यावर ओता आणि सपाट चकतीने गोल गोल पसरवत जा, फटी भरून वाळू आणखी पसरेनाशी झाली की थांबा. गोलाचा व्यास २५ सेंटिमीटर आला तर खोली साधारण १ मिलिमीटर, ३६ आला तर अर्धाच. म्हणजे गोल जितका मोठा तितका रस्ता चोपडा. (गाड्या थांबवून करा हे, आणि दुपारी वाऱ्यात नको.) दाण्याचा खरखरीतपणा मात्र असा कळत नाही, त्याला पेंडुलमचं मशीन लागतं, ओल्या रस्त्यावर रबर घासत जातं ते. जुन्या ब्रिटिश पद्धतीत तीव्र वळण-उताराला किमान ६५ आकडा मागायचे, साध्या रस्त्याला ४५.

आता पर्याय. खडी मारणं, म्हणजे डांबर फवारून वर खडी पसरून रोलर फिरवणं, हे सगळ्यात स्वस्त आणि पाण्याला वाट पण छान मिळते. पण घाटातल्या वळणावर मी याच्या विरोधात आहे, सुरुवातीचे काही दिवस सुटी खडी उडत राहते आणि सुट्या खडीवर स्कूटी म्हणजे निसरड्यापेक्षा वाईट. डांबर जास्त पडलं तर उन्हाळ्यात वर येतं आणि परत चकचकीत, मग केलं काय आपण?

मायक्रोसरफेसिंग जास्त सभ्य काम आहे, पॉलिमरवालं इमल्शन (पाण्यात मिसळलेलं डांबर) आणि बारीक खडी मिसळून ४ ते ८ मिलिमीटरचा थर, एक-दोन तासात गाड्या सुरू. लांब पट्ट्याला हेच परवडतं. फक्त खडी कुठली हे विचारा, त्याच खाणीची पॉलिश होणारी खडी आली तर काही वर्षांत पुन्हा तेच.

तिसरं बॉक्साइटचं, भाजलेल्या बॉक्साइटचे १ ते ३ मिलिमीटरचे दाणे इपॉक्सीवर, म्हणजे घट्ट बसणाऱ्या गोंदावर, पेरायचे. हे दाणे सहजासहजी पॉलिश होत नाहीत, सगळी जादू तिथेच आहे. लंडनच्या चौकांत १९६० च्या दशकापासून वापर आहे, आणि अमेरिकेचं महामार्ग खातं म्हणतं की याने वळणांवरचे जखमी होण्याचे अपघात ४८ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतात, रॅम्पवर (महामार्गावर चढायच्या-उतरायच्या फाट्यावर) ६३ टक्क्यांपर्यंत. खर्च मायक्रोच्या कित्येक पट. म्हणूनच ते अख्ख्या रस्त्याला करायचंच नसतं, वळण आणि त्याच्या आधीचा ब्रेक मारायचा तुकडा, बास.

लाल पट्ट्यांचं एका वाक्यात, रंगाने पकड वाढत नाही, नुसता ऑइलपेंट असेल तर ओला झाल्यावर उलट कमीच होते. आणि रस्ता काँक्रीटचा असेल तर वरचं सगळं सोडा, मशीनने खाचा मारून घ्या.

आमच्या वळणाला मी असं सांगितलंय: वळण आणि वरच्या अंगाचे साठेक मीटर बॉक्साइट, बाकी उतार मायक्रो. पण आधी भेगा आणि खड्डे भरून घ्या, खालचं डांबरच सुटत असेल तर इपॉक्सी त्याला घेऊनच उचकटते. डोंगराकडचं गटार पण मोकळं करा, आमच्याकडे पाणी रस्त्यावरूनच वाहतं, आणि मासळीच्या गाड्या गळतात ते वेगळंच, त्याला कुठलाच थर पुरा पडणार नाही.

ठेकेदार नवीन डांबर टाकून दुसऱ्याच दिवशी वर बॉक्साइट करतो म्हणाला तर थांबवा, मध्ये महिनाभर तरी जाऊ द्यावा लागतो. इपॉक्सीला रस्ता ठणठणीत कोरडा लागतो, म्हणजे पावसाळ्यापासून मागे मोजत आलं तर डांबराचं काम मार्चअखेर उरकायला हवं, आणि आमच्याकडे टेंडरच एप्रिलमध्ये निघतंय.