ज्युलिया आणि क्लॉडीन: एकच अभिनेत्री, दोन आया

‘ज्युलिया’ ही अमेरिकन मालिका, ‘क्लॉडीन’ हा चित्रपट. दोन्हीकडे अभिनेत्री डायहॅन कॅरलच. दोन्हीकडे एकटीनं मुलं वाढवणारी कृष्णवर्णीय आई.

एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर 1968 मध्ये आलेल्या मालिकेतली ज्युलिया नर्स. वैमानिक नवरा व्हिएतनाममध्ये मारला गेलेला, पदरी एक गोड मुलगा, घर टापटीप. कृष्णवर्णीय बाईला मोलकरणीच्या साच्यातून बाहेर काढण्याचं श्रेय या मालिकेला द्यायलाच हवं. पण तेव्हा अमेरिकेतली शहरं वांशिक दंगलींनी पेटली होती, त्याची झळ या घराला फारशी लागत नाही. शिवाय ती विधवा, तीही सैनिकाची. तिला बोल लावणार कोण? (ही सोय आपल्या मालिकावाल्यांनाही चांगली ठाऊक आहे.)

1974 च्या चित्रपटातली क्लॉडीन न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतली. सहा मुलं. सरकारी मदत कापली जाऊ नये म्हणून गोऱ्यांच्या घरची कामं चोरून करते. तपासणीला मदत खात्याची बाई आली की घरातली विजेची उपकरणं लपवायची धावपळ! कचरा उचलणाऱ्या रूपशी सूत जुळतं, तर त्याच्या भेटवस्तूही उत्पन्नात धरायच्या. लग्नाचा विचार केला की हिशेब आणखी बिघडतो. चित्रपट दोष देतो तो या नियमांना, तिला नव्हे. ती मात्र सोशिक देवी नाही: चिडते, खदखदून हसते, प्रेमात पडते.

एकच बघायचं तर मी क्लॉडीन निवडेन. ही भूमिका मुळात अभिनेत्री डायना सँड्सची; आजारपणामुळे तिनंच कॅरलचं नाव सुचवलं आणि कॅरलला ऑस्करचं नामांकन मिळालं.