डिचोलीतलं बॅटरी-इन्व्हर्टरचं दुकान: काम चोख, फोन मात्र 4 नंतर करा

गोव्यात वाळपईजवळ भाचीचा छोटा दवाखाना आहे, तिथला जुना इन्व्हर्टर दम टाकायला लागला म्हणून मेच्या शेवटी डिचोलीच्या बाजारातल्या एका दुकानात गेलो. आमच्या सत्तरी तालुक्यात पहिला पाऊस पडला की कुठंतरी झाड तारेवर पडतं आणि करंट जातो, हे दरवर्षीचंच आहे, वीज खात्याच्या लाइनमनना बोलून उपयोग नाही, ते बिचारे त्या पावसात खांबावरच असतात.

आधी दोन दुकानं फिरलो होतो, दोन्हीकडे दवाखाना म्हटल्यावर सगळ्यात मोठ्या मशीनचा कागद पुढे सरकवला. या माणसानं कागद काढलाच नाही. म्हणाला, "बाब, काय बंद पडलं तर चालेल ते आधी सांगा." तिथंच माझं दुकान ठरलं!

कारण मी 2015 पर्यंत येमेनमधे सना शहरात एका खासगी हॉस्पिटलला मेंटेनन्स इलेक्ट्रिशियन होतो आणि तिथं आमचं निम्मं काम हाच प्रश्न विचारायचं होतं. मारिबहून सनाला येणाऱ्या विजेच्या लाइनी टोळीवाले लढाईच्या आधीपासूनच तोडायचे, त्यामुळे जनरेटर म्हणजे घरचाच माणूस. मार्च 2015 ला बाँबिंग सुरू झालं आणि डिझेल मिळेना. 125 केव्हीएचा (केव्हीए म्हणजे जनरेटरच्या ताकदीचं माप) जनरेटर पाऊण लोडवर ताशी 20 लिटरच्या आसपास पितो, म्हणजे दिवसाला जवळपास 500 लिटर, आणि वर दर 250 तासांनी ऑइल आणि फिल्टर बदलायचे, सतत चालवला तर दहा-अकरा दिवसांत ती पाळी येते, आणि बंदरात जहाज अडलं की फिल्टर येणार कुठून? मग यादी करायची. लिफ्ट बंद, लाँड्री बंद, एसी बंद (स्ट्रेचर जिन्यावरून उचलून न्यायचं, मीही उचललंय). ऑपरेशन थिएटर, बाळांचे इन्क्युबेटर आणि रक्ताचा फ्रिज चालू. डायलिसिसला नुसती वीज पुरत नाही, एका पेशंटच्या 4 तासांना सव्वाशेएक लिटर शुद्ध पाणी लागतं आणि ते पाणी शुद्ध करणारा पंप पण विजेवरच. त्या यादीवरून डॉक्टर लोकांची भांडणं व्हायची, आम्ही पॅनेलपाशी गप्प उभे.

एप्रिलमधे भारत सरकारच्या राहत मोहिमेतून एअर इंडियानं जिबुतीला आणि पुढं हवाई दलाच्या विमानातून मुंबईला आलो. साडेचार हजारांवर भारतीय तेव्हा परत आले, स्थानिक सहकारी तिथंच राहिले. पुढच्या वर्षी डब्ल्यूएचओनं येमेनच्या 16 प्रांतांत पाहणी केली तर जेमतेम 45 टक्के दवाखाने-हॉस्पिटलं पूर्ण चालू होती. बाकीची सगळीच काय बाँब पडून बंद नव्हती, कुठं डिझेल नाही, कुठं औषध नाही, कुठं महिनोन्महिने पगार नाही म्हणून स्टाफ नाही.

असो, विषय दुकानाचा. यानं स्वतः दवाखान्यात येऊन एकेक वस्तूचं वॅटेज लिहून घेतलं. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन) 350, लसींचा फ्रिज 150, दिवे-नेब्युलायझर मिळून शंभरेक. 12 व्होल्टच्या, 150 एएचच्या (अँपिअर-तास) दोन ट्युब्युलर बॅटऱ्या म्हणजे कागदावर 3600 वॅट-तास, म्हणजे 6 तास, पण "मी 4 च धरणार, बॅटरी तळापर्यंत ओढायची नसते" असं सरळ सांगितलं. प्युअर साइन वेव्हच (लाइनीसारखा सरळ करंट देणारा इन्व्हर्टर) घ्यायला लावला, कॉन्सन्ट्रेटरच्या मोटरला साधा चालत नाही. लस, ऑक्सिजन आणि दिव्यांची लाइन वेगळी काढली, एसी-गीझर त्यावर चुकूनही येणार नाही असं केलं. आमच्या इथल्या चिऱ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंग कोरडं पडतं, ते पण स्वतःहून तपासलं, हे मी सांगितलं नव्हतं हां.

आता तक्रारी. बॅटऱ्या ऑनलाइनपेक्षा जोडीमागं दोनेक हजार महाग. बुधवारी येतो म्हणाला आणि शनिवारी उगवला. दुपारी दीड ते चार फोन उचलत नाही, झोपतो, गोव्यात कोण नाही झोपत, पण हॉस्पिटलची कामं घेतो तर एखादा पोरगा तरी फोनपाशी बसवावा. वायरिंगचं केसिंग पण वाकडं मारलंय, भाची म्हणते मामा तुम्हालाच दिसतं ते.

जुलैत एका रात्री साडेतीन तास करंट नव्हता. भाचीनं सकाळी फ्रिजच्या थर्मामीटरचा फोटो पाठवला, 5 डिग्री, म्हणजे लसी ठीक. एक तारा केसिंगचा आणि फोनचा मिळून कापला, 5 पैकी 4.