अवनीला गोळी की भुलीचं इंजेक्शन?

यवतमाळच्या पांढरकवडा भागात 13 माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेली टी-1 उर्फ अवनी ही वाघीण 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री गोळीने मेली. गावकऱ्यांनी फटाके वाजवले, मुंबईत मोर्चे निघाले. दोन्ही बाजू तिला माणसाच्याच मापाने मोजत होत्या: एकीला ती खुनी, दुसरीला निष्पाप आई. वाघिणीला पाप-पुण्य कळतं असं मानायला मला तरी आधार दिसत नाही. म्हणजे गोळी ही शिक्षा होऊच शकत नाही, फार तर बंदोबस्त.

तसा बंदोबस्त म्हणून गोळी खात्रीची. कापूस वेचायला जाणाऱ्या बाईला उद्या शेतात उतरायचंय, तिला वाट पाहा म्हणणं शहरातून सोपं आहे. पण गोळी माघारी घेता येत नाही, आणि अवनीमागे दोन बछडे होते.

भुलीचं काम किचकट. जवळ जावं लागतं, वजनाच्या अंदाजाने मात्रा ठरते, औषध चढेपर्यंत जनावर झुडपात शिरतं. अंधारात तर विचारूच नका. शिवाय पकडलेल्या वाघाचं पुढे काय? बहुधा जन्मभर पिंजरा.

1972 चा वन्यजीव कायदा मात्र क्रम स्पष्ट ठरवतो: पकडणं, बेशुद्ध करणं, हलवणं शक्य नसेल तरच मारायची परवानगी. मला हाच क्रम पटतो, उशीर होत असला तरी. फक्त त्या उशिराची किंमत मोर्चेवाले नाही, कापूस वेचणारी बाई मोजते.