देब्री पार्व्हो: शंभर वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्यावर काही रिळे

जोसेफ देब्री यांनी पॅरिसमध्ये 1908 साली पेटंट घेतलेल्या पार्व्हो या चलचित्र कॅमेऱ्याचे लाकडी पेटीचे मॉडेल मी काही महिने वापरले. बंद असताना ते शिसवी दागिन्यांच्या पेटीसारखे दिसते आणि त्याचे सगळे शहाणपण आत आहे.

एडिसनच्या कार्यशाळेत डिक्सनने घडवलेला कॅमेरा विजेच्या मोटारीवर चालणारे अवजड धूड होते. ल्युमिएर बंधूंनी 1895 मध्ये हाताने फिरवायचे, सहज उचलता येणारे यंत्र आणले. मात्र त्यात जेमतेम 17 मीटर फिल्म मावे, म्हणजे सुमारे पन्नास सेकंदांचे चित्रण होई. देब्रींनी 120 मीटरचे दोन डबे एकाच आसावर शेजारीशेजारी बसवले, त्यामुळे डोक्यावर डब्यांचे कान न काढताही सहा मिनिटांहून अधिक चित्रण होते. या मांडणीला माझे पैकीच्या पैकी गुण.

तिची किंमत फिल्म भरताना मोजावी लागते. एका बाजूच्या डब्यातून निघालेली फिल्म गेटमधून, म्हणजे भिंगामागच्या जिथे तिच्यावर प्रकाश पडतो त्या खिडकीतून, जाऊन दुसऱ्या बाजूच्या डब्यात शिरते, म्हणजे वाटेत तिला तिरके वळावे लागते. फिल्मला ताण पडू नये म्हणून ठेवायचा सैल वळसा थोडा कमी ठेवला आणि माझी पहिली फिल्म भोकांपाशी टरकन फाटली.

हँडलच्या एका फेऱ्यात फिल्मवर आठ चौकटी, म्हणजे आठ चित्रे, उमटतात, म्हणून सेकंदाला दोन फेरे घेतले की सोळा चौकटी. हे एकट्या उजव्या हाताला पटकन जमते, पण डावा हात तिवईचे हँडल फिरवू लागला की उजवा मंदावतो, आणि पडद्यावर नेमकी तेवढ्यापुरती माणसे धावत सुटतात.

खरी तक्रार फोकसची आहे. गेटमधल्या फिल्मच्या पाठीवर उमटलेली प्रतिमा मागून पाहून फोकस साधायचा, अशी मूळ सोय आहे. पाठीवर काळा लेप असलेल्या रंगीत निगेटिव्हमधून काहीच दिसत नाही, म्हणून मी मोजपट्टीने अंतर मोजतो. नेत्रिकेचे झाकण लावायचे राहिले तर उजेड मागून शिरून चौकटी काळवंडतात, हा धडा मी दोनदा गिरवला.

विकत घेण्यापूर्वी निकामी फिल्मचा एक तुकडा आतून फिरवून भोकांच्या कडा भिंगाखाली तपासाव्यात. कडा कुरतडलेल्या दिसल्या, तर पेटीच्या पॉलिशला भुलू नये.