थॉनी, एमपीरिमोट की वेबरेपल : बोर्ड कुठे आहे ते आधी पाहा

नर्मदेचे पाणी आले की गच्चीवरची टाकी किती भरली हे खाली बसून कळावे, एवढ्यासाठी इंदूरच्या रामबागेतील आमच्या घरी ईएसपी३२ जातीचा (वाय-फाय असलेल्या छोट्या चिपचा) एक बोर्ड बसवला आणि त्यावर मायक्रोपायथॉन, म्हणजे अशा छोट्या बोर्डांसाठीची पायथॉन भाषा, चढवले. बोर्डाशी बोलण्याचे साधन कोणते घ्यावे, असा प्रश्न अशा कामाला हात घालणारा प्रत्येक जण विचारतो. माझ्या मते साधनांच्या गुणांची यादी करण्यापूर्वी बोर्ड टेबलावर राहणार आहे की गच्चीवर, हे ठरवावे.

बोर्ड टेबलावर असेल आणि शिकणारा नवखा असेल, तर थॉनी घ्यावे. एस्टोनियातील टार्टू विद्यापीठात तयार झालेला हा मोफत संपादक स्वतःचे पायथॉन सोबत घेऊन येतो, फर्मवेअर (म्हणजे मायक्रोपायथॉनच) बोर्डावर चढवण्याची सोय त्याच्यातच आहे आणि बोर्डावरील फाइली बाजूच्या चौकटीत दिसतात. त्यातील प्लॉटर मला विशेष उपयोगी वाटला, कारण ध्वनिलहरींनी पाण्याची पातळी मोजणाऱ्या अल्ट्रासॉनिक सेन्सरचे आकडे नुसते छापत गेलो तरी त्यांचा आलेख समोर उमटतो आणि एखादे मोजमाप मध्येच उडी मारते ते लगेच नजरेत भरते. मात्र प्रकल्पात आठ-दहा फाइली झाल्या की प्रत्येक बदलानंतर त्या हाताने बोर्डावर पाठवणे कंटाळवाणे होते.

तेथून पुढे एमपीरिमोट. मायक्रोपायथॉन प्रकल्पाचे हे अधिकृत साधन २०२१ पासून उपलब्ध आहे. ते टर्मिनलमधून चालते, त्यामुळे पहिल्या दिवशी रूक्ष वाटते. पण त्याची माउंट ही एकच आज्ञा हा रूक्षपणा विसरायला लावते : लॅपटॉपवरील फोल्डर बोर्डाला स्वतःचेच असल्यासारखे दिसू लागते आणि फाइल बोर्डावर न उतरवता थेट चालवून पाहता येते. फाइलींची नक्कल, लायब्ररी बसवणे आणि रेपल (बोर्डाला एकेक आज्ञा देऊन लगेच उत्तर पाहण्याची खिडकी) या तिन्ही गोष्टी एका ओळीत साखळीसारख्या जोडता येतात, म्हणून एकसारखे अनेक बोर्ड तयार करणाऱ्याने दुसरीकडे पाहूच नये. एक खोच लक्षात ठेवावी. फाइल चालवण्यापूर्वी ते बोर्डाला सॉफ्ट रीसेट करते, म्हणजे स्मृतीतील चल (व्हेरिएबल) पुसले जातात. ते नको असल्यास रिझ्यूम ही आज्ञा आधी द्यावी लागते.

सिरियल पोर्ट, म्हणजे केबलने बोर्डाशी बोलण्याची लॅपटॉपवरील वाट, एका वेळी एकाच प्रोग्रॅमच्या ताब्यात असतो. थॉनी उघडे ठेवून एमपीरिमोट चालवल्यास बोर्ड सापडत नाही, आणि मी त्यापायी एक अख्खी संध्याकाळ केबल बदलण्यात घालवली आहे.

आरशेल आणि अँपी ही जुनी साधने अजून अनेक लेखांत भेटतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याने त्यांच्या वाटेला जाण्याचे कारण उरलेले नाही.

बोर्ड गच्चीवर गेला की केबलचा प्रश्न येतो. मे महिन्यातील दुपारी लॅपटॉप घेऊन वर चढण्यापेक्षा वाय-फायवरून चालणारे वेबरेपल सोयीचे. ते बोर्डावरच एकदा सुरू करून पासवर्ड ठेवावा लागतो, मग ब्राउझरमधून आज्ञा देता येतात आणि फाइलीही पाठवता येतात. परंतु हा संवाद सांकेतिक रूपात जात नाही आणि पासवर्डही चार ते नऊ अक्षरांचाच असतो, त्यामुळे ते घरच्या नेटवर्कबाहेर उघडे करू नये. शिवाय बॅटरी वाचवण्यासाठी बोर्ड डीप स्लीपमध्ये जात असेल, तर झोपेच्या काळात वाय-फाय बंद असल्याने वेबरेपल त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. त्यावर उपाय म्हणून मी मुख्य फाइलीत जागे झाल्यानंतर वीस सेकंदांची उसंत ठेवली आहे, आणि तेवढ्यात जोडणी साधली नाही तर पुढच्या फेरीची वाट पाहतो किंवा निमूटपणे जिना चढतो.