कमाटीबागेतली पोलीस गस्त: रस्त्यावर उत्तम, आत अपुरी

बडोद्यात सुट्टीच्या संध्याकाळी कमाटीबागेत जाणाऱ्यांनी तिथल्या पोलीस गस्तीकडून काय मिळतं ते नीट समजून घ्यावं. बागेजवळच्या काळ्या घोड्याच्या चौकात पीसीआर व्हॅन (पोलीस नियंत्रण कक्षाची गस्तीची गाडी) नुसती उभी राहिली, तरी उलट्या दिशेने घुसणाऱ्या दुचाक्या आणि रस्ता अडवणारं पार्किंग आटोक्यात येतं. तिथे पूर्ण गुण.

आत गोष्ट वेगळी. सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये उभारलेली ही बाग शंभर एकरांहून मोठी आहे आणि मधून विश्वामित्री नदी वाहते. गाडी रुंद रस्त्यावरूनच फिरू शकते; झाडीतल्या पायवाटा आणि नदीकाठ नजरेआड राहतात. नदीत मगरी असल्याने काठावर गणवेशातला माणूस हवाच. फेरीची वेळ ठरलेली असली की पाकीटमारांनाही ती पाठ होते. म्हणून वेळ बदलती हवी, आणि जोडीने पायी किंवा सायकलवरून गस्त हवी.

मदतीसाठी ११२ लावा. "कमाटीबागेत आहे" एवढ्याने पोलिसांना शोधत फिरावं लागतं. आधी फाटक सांगा, मग खूण: फुलांचं घड्याळ, तारांगण, बँडस्टँड. फोन मोकळा ठेवा, पोलीस उलट फोन करतात. छेडछाडीसाठी १८१ अभयम ही महिला हेल्पलाइन अधिक चांगली: चोवीस तास, विनाशुल्क, आणि गाडीत समुपदेशक व महिला पोलीस दोघी असतात. लहान मुलांच्या खिशात आईबाबांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. गर्दीत हरवलेलं मूल तिनेच सर्वांत लवकर परत मिळतं.