वॉकीटॉकीच्या खोक्यावरचे १० किलोमीटर

घरासाठी वॉकीटॉकीची जोडी घ्यायला गेलं की नजर आधी जाते खोक्यावरच्या ‘१० किमी’कडे. हा आकडा काही हवेतून काढलेला नाही. जमिनीपासून दीड मीटरवर धरलेल्या सेटला रेडिओलहरींचं क्षितिज साधारण ५ किलोमीटरवर असतं, समोरच्या सेटलाही तेवढंच. ५ आणि ५ मिळून १०. फक्त त्यासाठी एकाने हर्णैच्या पुळणीवर उभं राहायचं, दुसऱ्याने होडीत बसायचं आणि मधे काहीही नको.

आपल्याकडे मधे चिऱ्याच्या भिंती असतात, माडा-पोफळीची बाग असते, नाहीतर सळई-काँक्रीटच्या चार इमारती. ओली पानं या लहरी चांगल्याच शोषतात, त्यामुळे मे महिन्यात जिथे आवाज लख्ख येतो तिथे जुलैत खरखर ऐकू येते. वाडीत किंवा गल्लीत अर्धा ते एक किलोमीटर धरून चला, दोन्हीकडून गच्चीवर चढलात तर दोन-तीन. मधे टेकडीची सोंड आली की संपलं, मग सेट कितीही महागाचा असो. म्हणून अंतर मोजायचं ते घरातून शेतापर्यंत, शाळेपर्यंत, काकांच्या घरापर्यंत स्वतः चालत जाऊन आणि तेही भर पावसात.

भारतात परवान्याशिवाय वापरता येणारा वॉकीटॉकीचा पट्टा, म्हणजे लहरींच्या वारंवारतेची (फ्रिक्वेन्सीची) ठरलेली हद्द, आहे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ. त्यातले सेट अर्ध्या वॅटचे असतात आणि त्यांचा अँटेना काढता येत नाही. दुकानदार ‘निघत नाही’ ही उणीव म्हणून सांगेल, पण तीच परवानामुक्त सेटची ओळखीची खूण समजा. दुसरी खूण म्हणजे ईटीए, म्हणजे त्या मॉडेलला दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात ‘ईटीए-एसडी’ने सुरू होणारा क्रमांक असतो, आणि तो तुमच्याच मॉडेलचा आहे ना, हे अक्षर न अक्षर जुळवून पाहायचं. ऑनलाइन यादीत वारंवारताच लिहिलेली नसेल तर ती वस्तू सोडून द्या. हा गोंधळ इतका वाढला होता की मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीसाठी खास नियमावली काढली. वारंवारता आणि मान्यतेचा तपशील दाखवल्याशिवाय वॉकीटॉकी विकायला ठेवायची नाही, असं त्यात आहे.

अमेरिकेतून भाचा येताना २२ चॅनलची झकास जोडी घेऊन येतो, तिचं काय? ते सेट ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर चालतात. तिकडे हा घरगुती पट्टा आहे, इथे नाही. भाच्याला सांगा, त्याऐवजी चॉकलेटं आण.

आता सेटबद्दल. नमुन्यादाखल मोटोरोलाच्या ४४६ पट्ट्यातल्या टॉकअबाउट मालिकेतले दोन घेऊ, टी-८२ आणि टी-९२ एचटूओ. दोघांना १६ चॅनल, दोघांना टॉर्च, आवाजाच्या पल्ल्यात फरक नाही. फरक आहे तो पाण्याचा. पाण्यापासून बचावाच्या मापात टी-८२ आयपीएक्स-२ दर्जाचा, म्हणजे वरून थेंब पडले तर चालेल, एवढंच. टी-९२ आयपी-६७, एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणारा, आणि पाण्यात पडला तर तरंगतो. कोकणात, किंवा कृष्णा-पंचगंगेच्या काठी पुराच्या भीतीने घेत असाल तर दुसरा विचार करू नका, टी-९२च्याच जातीचा घ्या. पहिला सोसायटीच्या जिन्यात आणि गाड्यांच्या ताफ्यात ठीक. दोन्हींबाबत, हातात येणाऱ्या खोक्यावर ईटीए आहे का ते पाहूनच पैसे द्या. परदेशातून परस्पर आणलेला मालही बाजारात फिरतो.

मात्र या सेटची खरी किंमत आहे ती मागच्या झाकणाखाली. आत चार्ज होणारा निकेल-मेटल हायड्राइड पॅक असतो आणि तो काढून साधे तीन सेलही घालता येतात. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मुरुड, दापोलीकडे वीज आणि मोबाईल दोन्ही गेले, काही वाड्यांना वीज यायला आठवडे लागले. अशा वेळी फक्त स्वतःच्या लिथियम बॅटरीवर आणि स्वतःच्याच चार्जरवर चालणारा सेट तिसऱ्या दिवशी पेपरवेट होतो. किराणा दुकानात पेन्सिल सेल मात्र मिळतात. दोन सेट, प्रत्येकी तीन सेल, दोनदा बदलायला म्हणजे १२ सेल घरात हवेत. ते सेटमध्ये घालून ठेवू नका. अल्कलाइन सेल गळतो आणि त्याची पांढरी पूड स्प्रिंग खाऊन टाकते. प्लास्टिकच्या पिशवीत सेटलाच रबरबँडने बांधून ठेवा. जुने-नवे सेल मिसळू नका, कमजोर सेल उलटा चार्ज होऊन आधी गळतो. चार्जिंगच्या खाचेवरचं रबरी झाकण नीट दाबलेलं नसेल तर आयपी-६७ला काही अर्थ उरत नाही. खाऱ्या हवेत संपर्काच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो, तो खोडरबराने घासला की जातो.

सगळ्यात जास्त तक्रार येते ती अशी: ‘मला त्याचं ऐकू येतं, त्याला माझं नाही. सेट खराब आहे.’ सेट बहुतेक वेळा ठणठणीत असतो. पडद्यावर चॅनलच्या आकड्याशेजारी दुसरा छोटा आकडा असतो, तो सब-कोड. कोड ० ठेवलेला सेट त्या चॅनलवरचं सगळं ऐकतो. कोड ५ ठेवलेला सेट फक्त ५चा बारीक सूर सोबत आला तरच तोंड उघडतो. त्यामुळे ५वाल्याचं बोलणं ०वाल्याला पोचतं, उलटं पोचत नाही. खिशात बटण दाबलं जाऊन हा आकडा सहज बदलतो, तेव्हा चॅनल लावून झाला की बटणांना सेटमधलंच कुलूप (लॉक) लावा. या कोडला खोक्यावर ‘प्रायव्हसी’ म्हटलेलं असतं, पण त्याने गुप्तता मुळीच मिळत नाही. कोड ० लावून बसलेला शेजारी सगळं ऐकतो. दोन वेगळ्या कंपन्यांचे सेट असतील तर दोन्हीकडे ०च ठेवा, कारण एकाचा ५ म्हणजे दुसऱ्याचा ५ असेलच असं नाही. आठ चॅनलचा जुना सेट असेल तर पहिल्या आठांत राहा.

बटण दाबल्याबरोबर बोलायला लागलं तर पहिला शब्द कापला जातो, कारण समोरचा सेट बॅटरी वाचवायला डुलकी घेत असतो. दाबा, मनात एक म्हणा, मग सेट तोंडापासून चार बोटं लांब धरून बोला. ‘वरचं घर, वरचं घर, आबा बोलतोय बागेतून. पऱ्याला पाणी चढलंय, गुरं सोडा. ओव्हर.’ आधी ज्याला बोलवायचं त्याचं नाव, मग आपलं, मग काम, मग बटण सोडायचं. बटण धरून ठेवलं तर समोरच्याने कितीही हाका मारल्या तरी तुम्हाला ऐकू येत नाहीत. म्हातारी माणसं आणि मुलं नेमकी इथेच अडतात. आवाजाने आपोआप सुरू होणारी व्हॉक्स सोय बंदच ठेवा. पत्र्यावर पाऊस वाजला की सेट स्वतःच बोलायला लागतो आणि सेल संपवतो. ऐकण्यापेक्षा बोलण्याला कितीतरी जास्त वीज लागते. दर तीन तासांनी पाच मिनिटंच सेट चालू करायचा अशी वेळ ठरवली तर तेच सेल कितीतरी जास्त दिवस पुरतात.

आणि ते स्वस्तातले पाच वॅटचे काळे सेट? बाओफेंग बीएफ-८८८एस ४०० ते ४७० मेगाहर्ट्झभर फिरतो, यूव्ही-५आरला त्याशिवाय १३६ ते १७४ सुद्धा आहे. या पट्ट्यांत पोलीस आणि इतर सरकारी यंत्रणाही बोलतात. ‘कॉम्प्युटरला जोडून ४४६वर लावला की झालं’ असं सांगणारे भेटतील, पण वॅट जास्त, अँटेना निघणारा, म्हणजे सेट परवानामुक्त राहत नाही. असा सेट परवान्याशिवाय नुसता बाळगणंही कायद्यात बसत नाही. बरं, अर्ध्या वॅटचे पाच वॅट केले म्हणून टेकडी काही बाजूला सरकत नाही. त्यापेक्षा सेट घेऊन माळ्यावर चढलेलं बरं.

अंतर खरंच १५-२० किलोमीटर असेल तर हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना काढा. वयाची अट १२ वर्षं पूर्ण, परीक्षा रेडिओच्या प्राथमिक ज्ञानाची आणि नियमांची, आणि त्यातल्या रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स, म्हणजे कट्ट-कडकट्टची तारेची लिपी, लागत नाही. अर्ज दूरसंचार खात्याच्या सरल संचार या पोर्टलवर. मग १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर योग्य हातसेट, घरावर उंच अँटेना आणि जवळ डोंगरमाथ्यावर रिपीटर (आलेला आवाज पुन्हा पुढे पाठवणारं यंत्र) असेल तर तालुका ओलांडता येतो. अडचण एकच, परवाना दोन्ही टोकांना लागतो. बाबांनी परीक्षा दिली आणि आई नुसती सेट धरून बसली, हे चालत नाही. दोघांनी एकाच वेळी अर्ज भरावा.